तिसऱ्या कुपीतील सोने

वाचकांपुढे सादर निवेदन असे की, पुढील लेखनात एका गृहस्थाच्या मनात अडीच आठवडे जे चालले होते तेवढेच मांडण्यात येणार आहे. यात कोणी कोणाला मारत नाही, कोणाचा विवाह जमत वा मोडत नाही, आणि आकाशातून फार पूर्वी पडलेला एक दगड सोडला तर यात काहीही कोसळत नाही. एक मनुष्य एकदा ‘हो’ म्हणाला आणि तो ‘हो’ त्याला परत घ्यावा लागला, एवढाच या कथेचा विस्तार आहे. शास्त्रातील ज्या बाबी ओघाने येतील त्या प्रस्तुत लेखकाने विचारून, ऐकून आणि पुन्हा विचारून लिहिल्या आहेत. तरीही काही उणे राहिल्यास तो दोष लेखकाच्या अपुऱ्या शिक्षणाचा समजावा, कथेतील माणसांचा नव्हे.

मंगळवारी दुपारी पावणेचारच्या सुमारास बाळ खळदकर हे शोधक यंत्राच्या टाकीत द्रव नायट्रोजन ओतत होते. पुण्यातील एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या तळघरात असलेल्या या प्रयोगशाळेत ते एकोणतीस वर्षे साहाय्यक म्हणून काम करीत होते, आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. नरसाळ्यातून पांढरी वाफ जमिनीवर सांडत होती, ती त्यांच्या पायांभोवती घोटाळून विरत होती, आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या मनात काहीही नव्हते. पाठीमागे संगणकापाशी स्पृहा बसली होती. ही मुलगी पाच वर्षांपासून उल्कापाषाणांवर प्रबंध लिहीत होती. तिने मान न वळवता विचारले, “काका, आभाळबा दळताना अंगठी काढली होती ना तुम्ही? नेहमीसारखी?” बाळकाका म्हणाले, “हो.” स्पृहाच्या बोटांनी कळांवर काहीतरी टपटप लिहिले आणि ते तेथेच संपले. वाफही संपली. टाकीचे झाकण लावताना मात्र त्यांना असे वाटले की आपण जिन्याची एक पायरी आहे असे समजून पाऊल टाकले आणि ती तेथे नव्हती. पडलो नाही, कोणी पाहिले नाही, केवळ गुडघ्यात एक झटका बसला. त्यांनी अंगठी काढलेली नव्हती.

येथे वाचकांना थोडे सांगणे अगत्याचे आहे. आकाशातून आलेल्या दगडात कोणकोणती मूलद्रव्ये किती आहेत हे कळण्यासाठी त्याचा चिमूटभर तुकडा दळून त्याची पूड क्वार्ट्झच्या काडीएवढ्या कुपीत बंद करतात. ती कुपी मुंबईला अणुभट्टीत जाते, आणि तेथे न्यूट्रॉन नावाच्या कणांचा तिच्यावर मारा होतो. त्या माऱ्याने पुडीतील प्रत्येक मूलद्रव्य अस्वस्थ होते आणि शांत होता होता आपल्या ठरलेल्या शक्तीचे किरण बाहेर टाकू लागते. कुपी पुण्याला परत आली की शोधक यंत्र ते किरण मोजते, आणि संगणकाच्या पडद्यावर एकेक टोकदार शिखर उभे राहते. कोणते शिखर कोठे आहे यावरून मूलद्रव्य ओळखायचे, आणि किती उंच आहे यावरून त्याचे प्रमाण. सोने उतावळे असते, पावणेतीन दिवसांत त्याची अर्धी अस्वस्थता सरते, म्हणून ते आधी मोजावे लागते. इरिडियम नावाचा धातू चिवट आहे, त्याला त्यासाठी अडीच महिने लागतात, म्हणून इतरांचा गोंगाट ओसरेपर्यंत थांबून तो मागाहून मोजतात. पृथ्वीच्या दगडात इरिडियम जवळजवळ सापडतच नाही, आकाशातल्या दगडात सापडते. ही मोजणी इतकी सूक्ष्म असते की दळणाऱ्याच्या अंगावरचा डोळ्यांना न दिसणारा कणही पडद्यावर डोंगर होऊन उभा राहतो. त्यामुळे दळणाऱ्याने घड्याळ, अंगठी, गळ्यातली साखळी सगळे उतरवून बसावे असा नियम आहे. बेसिनशेजारच्या खिळ्यावर बाळकाकांची अंगठी एकोणतीस वर्षांत किती वेळा लटकली असेल याची गणती नाही. आधी लग्नातली, ती झिजून गेल्यावर ही दुसरी. त्या दिवशी खिळा मोकळा होता.

आभाळबा हे त्या दगडाचे नाव. हिंजवडीच्या पलीकडच्या एका गावात सर्जेराव नावाच्या जमीनदाराच्या घरी तो दगड तीन पिढ्या पुजला जात होता. सर्जेरावांचे आजोबा ज्वारीच्या राखणीला गेले असता त्यांच्यासमोर तो पडला, असे घरात सांगत. आता ज्वारीच्या जागी काचेच्या इमारती आल्या होत्या, आणि आभाळबा सर्जेरावांच्या बंगल्याच्या पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या मधोमध एका संगमरवरी देव्हाऱ्यात बसला होता. त्याचा तुकडा द्यायला सर्जेरावांच्या आई मथुराबाई चार महिने तयार नव्हत्या. शेवटी त्यांनी नखाएवढा काढू दिला, तोही बुडाच्या बाजूने, शेंदूर न लागलेल्या ठिकाणाहून. स्पृहाने तो कापसात गुंडाळून आणला आणि बाळकाकांच्या हातात देताना म्हणाली होती, “काका, एवढाच आहे हं.” तिचे पहिले आठ दगड अगदी चारचौघांसारखे निघाले होते. जगाने आधीच मोजलेल्या शेकडो दगडांसारखेच ते होते. हा नववा.

दीड महिन्यापूर्वी दगड दळला त्या सकाळी काय झाले ते बाळकाका मंगळवारी सायंकाळी बसमध्ये उभ्याने पुन्हा आठवू लागले, आणि आठवणे थांबेना. स्वारगेटच्या अलीकडे बस अडून राहिली होती, कोणाच्या तरी पिशवीतील मेथीचा वास येत होता. अकीक दगडाचा तो लहानसा खल, तळहाताएवढा, दुधी रंगाचा, कडेला तपकिरी नागमोडी रेघ. त्याच्यात तो काळपट तुकडा. अंगठी काढायला गेलो तर सांध्यापाशी अडकली. गेले वर्षभर बोटे सकाळी सुजत होती, डॉक्टरांनी संधिवात म्हटले होते. एकदा पिळून पाहिली, दुखले. मग एकावर एक दोन हातमोजे चढवले आणि बसलो. पाऊण तास दळले. दळणे हा शब्द लोकांना जात्याचा वाटतो, पण हे दळणे म्हणजे मनगट सैल ठेवून बत्त्याला गोल गोल झोपवत नेणे, जोर लावायचा नाही, दगडाला आपणहून मोडू द्यायचे. शेवटी शेवटी उजव्या हाताच्या बोटाचा मोजा खलाच्या काठावर कचकन घासला. दळून झाल्यावर पाहिले तर दोन्ही मोज्यांना अंगठीच्या जागी उभी चीर गेली होती. खलाच्या काठावर काही पिवळे दिसते का म्हणून त्यांनी खल खिडकीशी नेऊन पाहिला होता. दिसले नाही. निदान त्यांना दिसले नाही. चष्मा टेबलावर होता आणि चष्मा आणायला ते गेले नाहीत. पूड तीन कुप्यांत भरून त्यांनी नोंदवहीत सही केली.

बुधवारी शर्मिला मॅडम तळघरात आल्या. या स्पृहाच्या मार्गदर्शक. त्यांचे बोलणे कोरडे असे, आणि ज्याला लागायचे त्याला दोन दिवसांनी लागे. महिन्यापूर्वी तिसऱ्या कुपीत सोने साठपट आले तेव्हा त्यांनी त्या आकड्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते. आता इरिडियमची मोजणी झाली होती, आणि पहिल्या दोन कुप्यांच्या मानाने तिसरीत तेही दुपटीने जास्त होते. मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलून पडदा पाहिला.

“नुसतं सोनं असतं ना, तर मी म्हटलं असतं कुणीतरी लग्नाच्या पंगतीतून उठून थेट दळायला बसलंय. पण इरिडियम? ते कोण बोटात घालून हिंडतं?”

“आणि काकांना मी विचारलंय,” स्पृहा म्हणाली. “अंगठी काढली होती.”

“बाळासाहेबांना विचारायला कशाला हवं. त्यांच्याइतकं स्वच्छ इथे कुणी दळत नाही, मीसुद्धा नाही.” मग त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर ओढला. “म्हणजे पुडीत धातूचा एखादा कण आहे. वेगळाच आहे हा दगड. लिही. पुढच्या बुधवारी नियतकालिकाकडे पाठवू.”

मॅडम गेल्यावर स्पृहा जिन्याखाली जाऊन सोलापूरला आईला फोन करू लागली. बाळकाका कोपऱ्यात रिकामे पिंप पुसत होते. “आई, निघालं काहीतरी,” ती सांगत होती. “अगं नाही, नोकरीचं नाही, दगडाचं. हो, तेच ते. पाच वर्षं तू विचारत होतीस ना, निघालं.” बाळकाकांनी पिंपाची तीच जागा तीनदा पुसली. त्यांच्या मनात त्या क्षणी जे आले ते त्यांना पुढे बरेच दिवस लाजवत राहिले: त्यांना बरे वाटले. इरिडियम अंगठीत नसतेच. मॅडमनी स्वतः सांगितले. म्हणजे चीर पडली असेल, घासलेही असेल, पण जे निघाले ते दगडाचेच. म्हणजे माझा ‘हो’ खोटा असला तरी त्याने काही बिघडवले नाही. खोटे बोलण्याचे काम फुकट गेले, एवढेच. गुरुवार आणि शुक्रवार हे दोन दिवस ते या विचाराला हात टेकून उभे होते.

परंतु जो विचार टेकायला घेतला जातो तो हलतो आहे की काय हे मनुष्य सारखे चाचपून पाहत असतो. गुलटेकडीत मार्केट यार्डाच्या मागल्या अंगाला त्यांचे दोन खोल्यांचे घर होते. तेथे सकाळी कांद्याच्या मोटारी येऊ लागल्या की वाऱ्याबरोबर टरफलांचा उग्र वास खिडकीत येई. पूर्वी त्यांच्या पत्नी आनंदीबाई तो वास आला की उठत. त्या जाऊन चार वर्षे झाली होती. अंगठी त्यांनीच केली होती, म्हणजे करून घेतली होती. बाळकाकांच्या नोकरीला वीस वर्षे झाली तेव्हा आईकडून आलेली पाटली मोडून त्यांनी ती घडवून आणली. “जुनं सोनं आहे, माझ्या आईचं. यात भेसळ नाही,” त्या म्हणाल्या होत्या. “तुमच्या त्या यंत्रात घालून बघा हवं तर.” तेव्हा दोघे हसले होते. त्यांचे हसणे आठवताना बाळकाकांना आणखी एक गोष्ट आठवे आणि ती ते बाजूला सारत. बोट सुजले होते हे खरे. पण साबण लावून पाहिला नव्हता हेही खरे. दोरा गुंडाळून पाहिला नव्हता. एकदा पिळून दुखले, त्यात त्यांना समाधान वाटले होते, जणू कोणीतरी सुट्टी मंजूर केली. ही अंगठी एकदा निघाली तर पुन्हा चढणार नाही, असे त्यांना वर्षभर वाटत होते, आणि एका खिळ्यावर ती टांगून आपण उठून जाऊ असेही वाटत होते. हे असले कोणाला सांगायचे? स्पृहाला? ‘काका, काढली होती ना?’ या प्रश्नाला एवढे मोठे उत्तर असते काय? म्हणून तोंडाने आपले लहान उत्तर दिले. मग त्यांना वाटे, हेही खरे नाही. लहान उत्तर दिले कारण ती ‘नेहमीसारखी’ म्हणाली, आणि नेहमीसारखा मनुष्य असण्याची त्यांना सवय होती. एकोणतीस वर्षांत त्यांचे कोणी कौतुक केले असेल तर याच एका गोष्टीसाठी. ती गोष्ट चार महिने आधी हातची जाऊ द्यायला ते तयार नव्हते.

शनिवारी सकाळी बोट निळसर दिसू लागले, तेव्हा मात्र ते यार्डाबाहेरच्या योगेशच्या सराफी दुकानात गेले. योगेश पस्तिशीचा, वडिलांच्या मागे दुकान सांभाळणारा. यार्डातले हमाल, आडते, टेंपोवाले त्याचे गिऱ्हाईक.

“काका, कापावी लागेल असं वाटतंय तुम्हाला,” तो बोट उलटेपालटे करीत म्हणाला. “साबण लावला होता?”

“नाही.”

“दोरा?”

“नाही.”

“मग काय नुसती विनंती केली होती का तिला?” त्याने हात साबणाच्या पाण्यात धरला, रेशमाचा दोरा बोटाला खालून वर घट्ट गुंडाळला आणि दुसऱ्या टोकाने उलगडत आणला. अंगठी दोऱ्याबरोबर वळणे घेत सांध्यावरून पार झाली. दोन मिनिटेही लागली नाहीत. दुखलेसुद्धा बेताचेच. बाळकाका त्या बोटाकडे पाहत राहिले. अंगठीच्या जागी कातडी पांढरी, ओली, कोणा परक्या माणसाची असावी तशी होती.

“इथं खाली घासलीय बघा, चपटी झालीय एका बाजूला,” योगेश म्हणाला. “थांबा, यंत्रात टाकतो, किती उरलंय बघू.” त्याने अंगठी काचेच्या पेटीत ठेवली, झाकण लावले. सोन्यावर क्ष-किरण टाकून त्यात काय काय आहे ते सांगणारे यंत्र हल्ली सराफांकडे असते. बाळकाकांना ते आपल्या तळघरातल्या यंत्राचे शिकलेसवरलेले, शहरात नोकरीला लागलेले भावंड वाटत असे. चिठ्ठी बाहेर आली. योगेशने वाचली आणि जीभ टाळ्याला लावून च्च केले.

“कुठं घडवली होती?”

“आमच्या हिनं आणली होती. माहीत नाही मला.”

“सोनं चौऱ्याऐंशी टक्के. तांबं, चांदी, ते ठीक. पण हे बघा. इरिडियम, साडेतीन टक्के.”

“काय?”

“इरिडियम. पावडर मिळते, काळ्या बाजारात. सोन्याइतकंच वजनदार, जरा जास्तच. ओतताना टाकायची. सोन्यात विरघळत नाही, रव्यासारखी आत बसून राहते. रंग बिघडत नाही, कसोटीवर दिसत नाही. ह्या यंत्रांच्या आधी पुष्कळ जण टाकायचे.” मग बाळकाकांचा चेहरा पाहून तो घाईने म्हणाला, “काकूंचं जुनं सोनं चोख असणार हो. हे घडवणाऱ्याचं काम. काकूंना कसं कळणार?”

बाळकाका फळीवर बसून राहिले. त्यांना राग येईल असे योगेशला वाटले असावे, कारण त्याने पाणी मागवले. राग आला नाही. आनंदी फसली, याचे वाईट वाटले, पण तेही दूरचे वाटले, जणू कोणी तिच्या लहानपणची हकीकत सांगत होते. जवळचे होते ते एवढेच की टेकायला घेतलेला विचार गेला. दगडात कण नव्हता. आभाळबा आपल्या जागी, इतर सगळ्या दगडांसारखा साधा, चारचौघांतला दगड होता. त्याच्यात जे वेगळे होते ते बाळ खळदकर होते. आणि हे जगात फक्त दोघांना माहीत होते, त्यांतल्या योगेशला माहीत असूनही माहीत नव्हते. बुधवारी लेख जाणार होता. चिठ्ठी फाडली असती तर कोणालाही काही कळले नसते. अंगठी घरी डब्यात राहिली असती, आपण चार महिन्यांनी नारळ आणि शाल घेऊन निघालो असतो, आणि स्पृहाच्या नावापुढे एक खोटा दगड कायमचा लागला असता. दहा वर्षांनी कोणीतरी आभाळबाचा दुसरा तुकडा मोजला असता, आणि तेव्हा कोणी बाळ खळदकरांना विचारले नसते. विचारले असते स्पृहाला. हा विचार रविवारभर त्यांच्याबरोबर घरात फिरत होता, त्यांच्याबरोबर जेवला, आणि दुपारी त्यांच्याशेजारी आडवाही झाला.

सोमवारी त्यांनी ती चिठ्ठी स्पृहाच्या कळफलकावर ठेवली आणि ते उभे राहिले.

“हे काय, काका?”

“माझी अंगठी.”

तिने वाचले. पुन्हा वाचले. मग त्यांच्या हाताकडे पाहिले.

“तुम्ही हो म्हणाला होतात.”

“म्हणालो होतो.”

“मी पुन्हा विचारलं असतं तर?”

“त्या दिवशी पुन्हाही हो म्हणालो असतो.”

“का पण?” तिने आवाज चढवला नाही, आणि त्यामुळे उत्तर देणे अवघड झाले. बाळकाकांनी सुजलेले बोट, न लावलेला साबण, आनंदीबाई, चष्मा, मोज्याची चीर हे सगळे उलटसुलट क्रमाने सांगितले. सांगताना त्यांना जाणवले की यातले एकही कारण कारण म्हणून पुरत नाही. स्पृहा ऐकत होती की नाही हे कळले नाही. शेवटी ती म्हणाली, “मी आईला सांगितलंय, काका.”

“हो. ऐकलं मी.”

“ऐकलंत?” ती म्हणाली, आणि तोंड फिरवून तिने लेखाची ती पाने पडद्यावर उघडली, ती बराच वेळ नुसती वरखाली सरकवली. अकरा पाने होती. बाळकाकांना जा म्हटले असते तर ते गेले असते. तिने म्हटले नाही, बस असेही म्हटले नाही.

शर्मिला मॅडमनी सगळे उभ्याने ऐकून घेतले. “इरिडियम बोटात घालून कोण हिंडतं, म्हणाले होते मी. सराफकट्टा इथून पाऊण तासावर, आणि मला बत्तीस वर्षांत हे ठाऊक नाही. छान.” मग त्या बाळकाकांकडे वळल्या. “एकोणतीस वर्षांत एक खोटं, आणि तेही छापायच्या आधी मागे घेतलंत. आमच्या धंद्यात ही सरासरी वाईट नाही. पण म्हणून मी काही तुमचं अभिनंदन करणार नाही. नोंदवहीत लिहा. तुमच्या अक्षरात, तारखेनिशी.” त्यांनी लिहिले. ‘नमुना नऊ दळताना दळणाऱ्याने अंगठी काढलेली नव्हती. पूड दूषित धरावी.’ दूषित हा शब्द लिहिताना हात थांबला, पण दुसरा शब्द नव्हता.

तिन्ही कुप्या एकाच पुडीच्या असल्याने तिन्ही गेल्या. पुन्हा मोजायचे तर पुन्हा तुकडा हवा होता. स्पृहाने सर्जेरावांना फोन केला आणि तो सर्वांना ऐकू जाईल असा ठेवला.

“ताई, आई न्हाई म्हणती,” पलीकडून सर्जेराव म्हणाले. “आई म्हणती, द्येव काय पेढा हाय का, दर म्हयन्याला मोडायला? मी काय बोलू आता? तुमीच बोला तिच्याशी.”

“मी जातो,” बाळकाका म्हणाले. त्यांना कोणी विचारलेले नव्हते.

रविवारी ते दोन बस बदलून गेले. सुट्टीचा दिवस असूनही हिंजवडीच्या चौकात कंपन्यांच्या बसगाड्या एकामागे एक अडकल्या होत्या, आणि त्यांच्या काचांतून झोपलेली तरुण डोकी दिसत होती. बाळकाका सबंध रस्ता वाक्ये जुळवीत होते. विज्ञानाची प्रगती, राष्ट्राचे कार्य, आपले सहकार्य. बंगल्याच्या पार्किंगमध्ये मथुराबाई देव्हाऱ्यापुढे पाटावर बसून वाती वळत होत्या. ऐंशीच्या पुढचे वय, कपाळावर हिरवे गोंदण, पायांत नातवाचे खेळाडूंचे बूट. बाळकाकांची वाक्ये एकदम संपली.

“आजी, चूक माझी झाली. दगड दळताना मी अंगठी काढली नाही. तिचं सोनं तुमच्या देवात मिसळलं. म्हणून मोजमाप सगळं वाया गेलं.”

म्हातारीने वात पुरी वळली. “का न्हाई काढली?”

“निघत नव्हती म्हणून सांगितलं मी सगळ्यांना. खरं तर काढायची नव्हती.”

“कुनी घातली हुती?”

“बायकोनं.”

“हाय का ती?”

“नाही. चार वर्षं झाली.”

मथुराबाईंनी त्यांच्या बोटाकडे पाहिले. “आता कशी निघाली?”

“साबणानं.”

त्या खुदकन हसल्या, आणि हसणे लांबल्यामुळे खोकल्या. “आमचे हे गेल्यावरबी त्यांचं जोडवं मी अकरा वर्षं पायात ठिवलं. कावेरीनं, सुनेनं, एक दिस पाय धुता धुता काढून घेतलं. म्या दोन दिस बोलले न्हाई तिच्याशी.” मग सर्जेरावांना हाक मारून त्या म्हणाल्या, “छिन्नी आन. हरभऱ्याएवढा काढ. आन ह्यांच्या हातात दिऊ नगं. कागदात बांध.”

परतीच्या बसमध्ये ती पुडी बाळकाकांनी वरच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवून बसले. त्यांना झोप येत होती. गेल्या तेरा दिवसांतली ती पहिली झोप होती जी त्यांना हवी होती, आणि ती घ्यायचे धाडस त्यांना झाले नाही.

गुरुवारी सकाळी खल आम्लात धुऊन, वाळवून टेबलावर ठेवलेला होता. बाळकाका सवयीने खुर्चीकडे वळले. स्पृहा आधीच त्या खुर्चीत बसून मोजे चढवीत होती. “मी दळणार आहे, काका,” ती म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते. “बरं,” ते म्हणाले, आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. लेखाची अकरा पाने गेली होती. तिचा नववा दगड प्रबंधात बहुधा अर्ध्या पानाचा होणार होता, आणि ते अर्धे पान खरे असणार होते. तिने बत्ता मुठीत आवळला. तुकडा खलात उडाला, टणकन वाजला.

“आवळू नकोस. मनगट सैल. झोपव त्याला.”

तिने सैल केले. काही वेळाने खरखर सुरू झाली, आधी जाडी, वाळूसारखी, मग बारीक. बाळकाकांना ती कानाने कळत होती, कोठे मोठा कण राहिला आहे, कोठे पूड काठाला चढली आहे. त्यांचे पाठीमागचे हात आपोआप गोल फिरू लागले आणि त्यांनी ते एकमेकांत घट्ट धरले. ते दोनदा म्हणाले, “काठाची खाली ओढ.” तिने ओढली. तिसऱ्यांदा ते सांगणार तेवढ्यात तिने आपणहून ओढली. पाऊण तास असा गेला. तिच्या कपाळावर घाम आला, पण तो खलात पडू नये म्हणून तिने तोंड बाजूला करून बाहीने पुसला. हे त्यांनी तिला कधी शिकवले नव्हते.

“कुपी धराल?” तिने विचारले.

त्यांनी चिमट्यात कुपी धरली. इतकी अरुंद की तिच्या तोंडाशी श्वासही जपून सोडावा लागे. स्पृहाने टोकदार चमच्यावर पूड घेतली आणि अलगद आत सोडली. दुसऱ्या खेपेला थोडी कागदावर सांडली, मोहरीएवढी राखाडी. दोघांनीही तिच्याकडे पाहिले. सांडलेले परत भरायचे नसते. हरभऱ्याएवढ्यातले तेवढे गेले. स्पृहाने कागद दुमडून दूर सारला आणि पुन्हा चमचा भरला, आणि बाळकाकांनी कुपी किंचित तिच्याकडे कलती केली.

येथे हे लेखन थांबते. वाचकांनी आपला मोलाचा वेळ देऊन एका सामान्य माणसाची इतकी लहान गोष्ट अखेरपर्यंत ऐकून घेतली, याबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहे.

आपला,
सोपान गेनबा चांदगुडे
बिबवेवाडी, पुणे